न दिसलेला स्पर्श

वाचकाचे पत्र

सादर नमस्कार. मी तेवीस वर्षांची असून सांगली जिल्ह्यात राहते. शाळा-महाविद्यालयात कबड्डी खेळले, गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सुटला, म्हणून दोन वर्षांपूर्वी पंच परीक्षा दिली आणि तेव्हापासून किशोर व कुमार गटाच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. गेल्या महिन्यात एका मंडळाने भरवलेल्या किशोर गटाच्या स्पर्धेत उपांत्य सामना माझ्याकडे होता. दोनेक मिनिटे उरली असताना पाहुणा संघ २७-२६ असा पुढे होता. यजमान संघाच्या चढाईपटूने बोनसचा दावा केला. मागचा पाय टेकलेला दिसला म्हणून मी तो नाकारला. त्याबरोबर प्रेक्षकांतून नको नको ते शब्द आले, समालोचकाने ध्वनिक्षेपकावरून “पंचांनी बोनस नाकारला” हे तीनदा सांगितले, आणि यजमानांचे प्रशिक्षक, जे शाळेत माझेच सर होते, ते रेषेपाशी येऊन म्हणाले, “कबड्डी तुला मी शिकवली आणि तूच असं करतेस?” त्याच संघाच्या पुढच्या चढाईत मुलगा परतताना कोपरारक्षकाला स्पर्श झाल्याचे हात उंचावून सांगू लागला. खरे सांगायचे तर तो स्पर्श मला दिसला नव्हता, पण मी गुण दिला. मघाचे थोडे भरून निघेल असे वाटले. ज्याला बाद दिले तो मुलगा “मॅडम, नाही लागला” एवढेच म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. शेवटी यजमान २८-२७ असे जिंकले. दुसऱ्या दिवसापासून बोनसचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतो आहे आणि त्यात मागचा पाय हवेत असल्यासारखा दिसतो. आई म्हणते, एवढ्याशा मानधनासाठी शिव्या कशाला खायच्या? मी हे काम सोडावे का? व्हिडिओला उत्तर द्यावे का? सरांशी आता कसे वागावे?

उत्तर

तुमचे मूळ पत्र सहा पानांचे आहे. जागेअभावी वर त्याचा सारांश दिला आहे. त्या सहा पानांपैकी साडेपाच पाने शिव्या, सर आणि व्हिडिओ यांनी भरली आहेत आणि न दिसलेल्या स्पर्शाचा गुण दिल्याची गोष्ट दोन ओळींत उरकली आहे. मी मात्र त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करणार आहे, कारण तुम्हाला झोप लागत नाही असे जे तुम्ही शेवटच्या पानावर लिहिले आहे, त्याचे मूळ मला तिथेच दिसते. शिव्या देणारे शंभरजण होते आणि त्यांतले बहुतेक एव्हाना तो सामना विसरलेही असतील. “नाही लागला” म्हणणारा एकटाच होता, त्याने आवाजही चढवला नाही, आणि पत्रात त्याच्या तोंडचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे दिले आहे.

आधी बोनसबद्दल थोडक्यात. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय जमिनीपासून सुटलेला असला, तरच बोनस मिळतो. म्हणजे पंचाला एकाच निमिषात पुढचा पाय, रेषा आणि मागचा पाय अशा तीन गोष्टी पाहायच्या असतात, आणि त्याही सात-आठ मुले हलत असताना. तुम्हाला पाय टेकलेला दिसला, तुम्ही गुण दिला नाही. तो निर्णय चुकलाही असेल. पण तुम्ही जे पाहिले त्यावरून तो दिला होता, आणि पंचाकडून खेळाला याहून जास्त काही मागता येत नाही. पंच म्हणून अशा चुका मी किती केल्या याचा हिशेब माझ्यापाशी नाही. प्रेक्षकांनी तो ठेवला असेल तर असो.

स्पर्शाचा गुण मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे तुमच्या डोळ्यांनी चूक केली नाही, कारण डोळ्यांनी काही पाहिलेच नव्हते. तुम्ही हिशेब केला. एक गुण इकडे कमी पडला असेल, तर एक गुण तिकडून काढून द्यावा म्हणजे पारडी समान होतील, असा तो हिशेब, आणि तो चांगुलपणातून आला आहे हे मला पुरते ठाऊक आहे. फलकापुरता तो बरोबरही वाटतो: बोनस खरोखर योग्य होता असे धरले, तर यजमानांचे गुण जिथे असायला हवे होते तिथेच आले. परंतु कबड्डीत सगळे गुण सारख्या वजनाचे नसतात, हे तुम्ही स्वतः खेळलेल्या असल्याने तुम्हाला सांगायला नको. बोनसच्या गुणाने कोणी बाद होत नाही आणि कोणी उठतही नाही. स्पर्शाच्या गुणाने मात्र समोरचा एक मुलगा बाहेर जाऊन बसतो आणि आपला आधी बाद झालेला एक मुलगा क्रमाने आत येतो. तुम्ही दिलेल्या तपशिलाप्रमाणे त्या वेळी पाहुण्यांचे सहा आणि यजमानांचे चार खेळाडू मैदानात होते. बोनस दिला असता, तर ते सहा आणि चारच राहिले असते. स्पर्श दिल्याने ते पाच आणि पाच झाले. त्यानंतरची पाहुण्यांची चढाई तिसरी होती, आधीच्या दोन रिकाम्या गेल्या होत्या, त्यामुळे गुण घेतल्याशिवाय परतणे म्हणजे बाद होणेच होते. आणि त्या मुलाला चारऐवजी पाचजणांच्या साखळीत शिरावे लागले. त्याची पकड झाली, सामना तिथेच संपला. चार बचावपटू असते तर तो सुटला असता असे मी म्हणत नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण भरपाईचा निर्णय भरपाईही करू शकत नाही, एवढे या हिशेबातून दिसते. ज्याचे नुकसान झाले असेल त्याला तेच परत देण्याची सोय या खेळात नाही. दुसरे काहीतरी दिले जाते आणि ते तिसऱ्याच्या ताटातून काढून दिले जाते.

हे मी उंचावर बसून लिहीत नाही. पंचगिरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कुमार गटाच्या सामन्यात मी एका चढाईपटूचा दम गेला म्हणून त्याला बाद दिले. त्याचा दम गेला नव्हता. मैदानाशेजारच्या कर्ण्यावर गाणे चालू होते आणि त्या गोंगाटात मला त्याचा आवाज ऐकू आला नव्हता, हे तो बाहेर बसल्यावर माझ्या लक्षात आले. त्यानंतरच्या सबंध डावात त्या संघाचे चढाईपटू मध्येच तोंड मिटत होते, श्वास घेत होते, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखे करत होतो. सामना संपल्यावर आमचे सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, जे वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे होते, बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “पहिली चूक कर्ण्याची होती. नंतरच्या चार तुझ्या.” पुढे त्यांनी काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही, पण तो चहा मला गेला नाही.

तेव्हा आता करायचे काय? निकाल बदलणार नाही. सामना संपला, गुणपत्रकावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या, पाहुण्या संघाने त्या वेळी रीतसर हरकत नोंदवली नव्हती. तो विषय संपला. परंतु त्या स्पर्धेला जे पंचप्रमुख होते त्यांना तुम्ही प्रत्यक्ष भेटावे, फोनवर नव्हे, आणि जे मला लिहिले तेच त्यांना सांगावे: बोनस मी पाहिल्याप्रमाणे नाकारला, स्पर्श मात्र न पाहता दिला. ते रागावतील, किंवा हसून सोडून देतील. काही पंचप्रमुख “अगं, सगळेच करतात” असेही म्हणतील, आणि ते खोटे नाही. तरीही सांगावे, कारण पुढच्या वेळी तुमच्यावर कोणता सामना सोपवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला तुमच्या तोंडून हे कळलेले बरे. उद्या दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगितले तर तुमच्या सरांचे नावही त्यात आल्याशिवाय राहणार नाही.

आणि तो मुलगा. या बाबतीत माझे काही जुने सहकारी माझ्याशी सहमत होणार नाहीत. पंचाने खेळाडूपुढे चूक कबूल करू नये, नाहीतर उद्या प्रत्येकजण दारात येईल, असे ते म्हणतात. मोठ्यांच्या खेळात त्यांचे म्हणणे मी एक वेळ मान्य करीन. पण किशोर गट म्हणजे सोळा वर्षांखालची मुले. त्या मुलाने खरे सांगितले, आरडाओरडा केला नाही, नियमाप्रमाणे जाऊन बसला, आणि त्याचा संघ हरला. यातून त्याने जो अर्थ काढला असेल तो तसाच राहू देऊ नये. पंचप्रमुखांच्या कानावर घातल्यानंतर, त्याचा संघ पुढच्या कुठल्या स्पर्धेत भेटेल तेव्हा, त्याच्या प्रशिक्षकांसमोर त्याला दोन वाक्ये सांगा: “त्या दिवशीचा स्पर्श मी पाहिला नव्हता. तू बरोबर होतास.” कारणे सांगत बसू नका, दडपणाचे वर्णन करू नका, माफी मागताना त्यालाच तुमचे सांत्वन करावे लागेल असे काही बोलू नका. तो बहुधा मान हलवून निघून जाईल.

आता सरांकडे वळू. मला सगळ्यात खटकलेली गोष्ट त्यांच्या ओरडण्याच्या आधीची आहे. ज्या संघाचे प्रशिक्षक तुमचे स्वतःचे गुरू आहेत, त्या संघाच्या उपांत्य सामन्याला तुम्ही उभ्याच कशा राहिलात? याचा दोष मी एकट्या तुम्हाला देत नाही; जिल्ह्यातले कबड्डीचे वर्तुळ लहान असते, प्रत्येकजण कोणाचा तरी विद्यार्थी किंवा मेहुणा असतो, आणि सकाळी नऊला पंचांची यादी लावणाऱ्याला हे सगळे आठवत नाही. म्हणूनच ते आपण सांगायचे असते. यादी लागल्याबरोबर पंचप्रमुखांना “हे माझे सर आहेत, मला दुसऱ्या मैदानावर द्या” एवढे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही. तुम्ही तसे म्हटले असते, तर नाकारलेला बोनस हा गुरूशी केलेला द्रोह ठरला नसता आणि नंतरचा स्पर्श ही गुरूला दिलेली दक्षिणा ठरली नसती. सध्या दोन्ही अर्थ लावायला लोक मोकळे आहेत.

सरांना भेटायला जा, पण त्या सामन्याची चर्चा करायला नव्हे. त्यांनी तुम्हाला कबड्डी शिकवली हे खरेच आहे आणि ते ऋण मैदानाबाहेर फेडता येते. मैदानात ते प्रशिक्षक आहेत आणि तुम्ही पंच आहात. “यापुढे तुमच्या संघाचे सामने मी घेणार नाही, तसे मी कळवले आहे” हे शांतपणे सांगितले की त्यांनाही सुटल्यासारखे वाटेल. ते बोनसचा विषय काढतीलच. तेव्हा “मला टेकलेला दिसला, सर” यापलीकडे जाऊ नका.

प्रेक्षकांच्या शिव्यांबद्दल तुम्ही विचारले आहे की हे लोक मुलांच्या सामन्यात एवढे का पेटतात. त्याला एक साधे कारण आहे आणि ते समजून घेतले तर शिव्या गोड लागणार नाहीत, पण कोड्यात टाकणार नाहीत. आपल्याकडे खेळातली कामगिरी दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांशी जोडलेली आहे आणि पुढे शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. गावातल्या मंडळाची स्पर्धा थेट त्या यादीत बसत नसली, तरी तिथे चमकणारा मुलगा जिल्ह्याच्या निवड चाचणीत नजरेत भरतो, हे प्रत्येक बापाला माहीत असते. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तुमच्या हाताच्या इशाऱ्यात बोनस दिसत नाही, पोलीस भरती दिसते. त्याला तुमच्याविषयी वैर नसते. याचा अर्थ तुम्ही ते ऐकून घ्यावे असा नाही. त्यासाठी नियमांनी तुमच्या हातात साधने दिलेली आहेत, आणि त्या दिवशी तुम्ही त्यांतले एकही वापरले नाही.

पहिले साधन म्हणजे वेळ थांबवणे. बाहेरच्यांच्या व्यत्ययासाठी पंच आणि सरपंच स्वतः खेळ थांबवू शकतात आणि तो वेळ कोणत्याही संघाच्या वाट्यातून जात नाही. बोनस नाकारल्यावर जो गलका झाला, त्या क्षणी शिट्टी वाजवून वेळ थांबवायला हवी होती. तीस सेकंद पुरतात. तेवढ्यात सरपंच संयोजकांना बोलावतात, संयोजक रेषेवर चढलेल्या माणसांना मागे सारतात, आणि, हे फार महत्त्वाचे, समालोचकाला कोणीतरी जाऊन सांगतो की गुण सांगा, निर्णयावर भाष्य करू नका. गावोगावच्या समालोचकांवर माझा जुना राग आहे. त्यांतले काही बहारदार बोलतात, सामना रंगवतात, पण “पंचांनी नाकारला” हे शब्द ज्या सुरात उच्चारले जातात त्या सुरात अर्धे भांडण असते. सामन्यापूर्वीच त्यांच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलावेत; किशोर गटात तर आवर्जून, कारण लहान मुलांचा दमाचा आवाज मुळातच बारीक असतो आणि ध्वनिक्षेपक चालू असताना तो पंचाला ऐकूच येत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून वर सांगितलेच आहे.

दुसरे साधन कार्ड. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटांसाठी बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर, आणि ही कार्डे केवळ खेळाडूंसाठी नाहीत, प्रशिक्षकांसाठीही आहेत. रेषेपाशी येऊन बोलणाऱ्या सरांना हिरवे कार्ड दाखवले असते तर आकाश कोसळले नसते. दाखवणे तुम्हाला जड गेले असते हे मी समजू शकतो. म्हणून तर वर म्हटले की तो सामना तुमचा नव्हताच. पण एरवी किशोर गटात मी प्रशिक्षकाला कार्ड लवकर दाखवावे आणि मुलाला उशिरा दाखवावे अशा मताचा आहे. मुले प्रशिक्षकाकडे पाहून ठरवतात की पंचाशी कसे बोलायचे.

तिसरे साधन पुस्तकात लिहिलेले नाही. निर्णय मोठा आणि स्वच्छ दिसला पाहिजे. नव्या पंचांचा हात शंका असली की छातीपाशीच राहतो, शिट्टी अर्धीच वाजते, आणि नेमके तेच प्रेक्षकांना दिसते. किशोर गटाचे मैदान अकरा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असते. त्यात तुम्ही कोणापासूनही फार दूर नसता. इशारा पूर्ण हाताने करा आणि, मुलांच्या सामन्यात मी याला मुभा आहे असे मानतो, कारण एका वाक्यात मोठ्याने सांगा: “मागचा पाय टेकला, बोनस नाही.” त्या मुलाला पुढच्या चढाईत काय सुधारायचे ते कळते आणि भांडणाऱ्याला कशावर भांडायचे तेही कळते. कर्णधार विचारायला आला तर त्याला उत्तर द्या. दुसरा कोणी आला तर कर्णधाराला पाठव म्हणा.

आणि दिसले नाही तर काय करावे, हा खरा प्रश्न. मैदानावर तुम्ही एकट्या नसता. समोरच्या बाजूला दुसरा पंच असतो, आणि चढाईपटूच्या ज्या बाजूला स्पर्शाचा दावा आहे ती बाजू पुष्कळदा त्याच्याकडे असते. त्याच्याकडे पाहा. त्याने पाहिले असेल तर तो खूण करील, दोघांत मतभेद झाला तर सरपंच ठरवतील, आणि दोघांपैकी कोणीच पाहिले नसेल तर स्पर्श झालेला नाही. झाला असेल, तरी झालेला नाही. हात उंचावून उड्या मारणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून निर्णय देऊ नये. चौदा वर्षांचा मुलगाही हल्ली टीव्हीवर सामने पाहून हात उंचवायला शिकलेला असतो.

एकदा दिलेला निर्णय आरडाओरड्यामुळे फिरवला की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष कबड्डीचा भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत होता आणि शेवटचे मिनिट-दीड मिनिट उरले होते. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणाला स्पर्श न करताच राखीव क्षेत्रात, म्हणजे स्पर्श झाल्यावरच जाता येणाऱ्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तिकडे गेले. जुना नियम लावायचा की नवा यावर वाद झाला, निर्णय एकदा इकडे झुकला, एकदा तिकडे, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सामना जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारताने तो ३३-२९ असा जिंकला. तिथे कॅमेरे होते, आंतरराष्ट्रीय पंच होते, नियमांची पुस्तके होती. तरी दर बदललेल्या निर्णयागणिक दुसऱ्या संघाला आपणही रेटले तर काही मिळेल असे वाटत गेले. तुमच्या सामन्यात नेमके हेच लहान प्रमाणात घडले. यजमानांना बोनस मिळाला नाही, पण ओरडल्यावर स्पर्श मिळाला. पुढच्या स्पर्धेत ती मुले आणि त्यांचे पालक काय करतील, हे मी वेगळे सांगत नाही.

व्हिडिओबद्दल तुम्ही दोन पाने लिहिली आहेत. माझे उत्तर दोन ओळींचे आहे. काही लिहू नका, कोणालाही खुलासा पाठवू नका, आणि तो पुन्हा पुन्हा पाहू नका. रेषेचा निर्णय रेषेच्या टोकाशी उभे राहूनच नीट देता येतो. तिरप्या कोनातून, गर्दीच्या मागून, डोक्यावर धरलेल्या फोनमध्ये पाय रेषेच्या कुठे आहे आणि जमिनीपासून सुटला आहे की नाही, हे दोन्ही फसवे दिसते. साधारण फोन सेकंदाला तीस चित्रे टिपतो आणि किशोर गटातल्या चपळ मुलाचा पाय टेकून सुटण्याचा क्षण दोन चित्रांच्या मध्येच निसटू शकतो. तुमचा निर्णय बरोबर होता असे मी यावरून म्हणत नाही. तो व्हिडिओ त्याचा निवाडा करू शकत नाही, एवढेच म्हणतो.

काम सोडावे का? आईंचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मानधन खरोखरच इतके असते की येण्याजाण्याचा खर्च आणि दुपारचे जेवण वजा जाता हातात फारसे उरत नाही, आणि एकट्या मुलीने परगावच्या मैदानावरून संध्याकाळी उशिरा परतायचे म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर असतोच. तेव्हा संयोजकांना येण्याजाण्याची व्यवस्था आधीच विचारा आणि ती नसेल तर नाही म्हणा; त्यात भिडेचे काही नाही. पण त्या एका सामन्यामुळे सोडू नका, निदान हा हंगाम संपेपर्यंत तो निर्णय घेऊच नका. पुढचे दोन-तीन महिने उपांत्य आणि अंतिम सामने मागून घेऊ नका. शालेय स्पर्धांतले चौदा वर्षांखालील मुलामुलींचे साखळी सामने घ्या, जिथे दिवसाला पाच-सहा सामने होतात आणि एका निर्णयाचे ओझे दुसऱ्या सामन्यापर्यंत वाहायला सवडच मिळत नाही. अधूनमधून गुणलेखक म्हणून टेबलावर बसा. तिथून दुसऱ्या पंचांचे पाय कसे हलतात ते दिसते, आणि बहुतेक चुकीचे निर्णय पंच चुकीच्या जागी उभा असल्यामुळे होतात हे आपोआप लक्षात येते. तुम्ही खेळलेल्या आहात, बोनस घेताना अंग कुठे झुकते ते तुमच्या शरीराला माहीत आहे. ज्यांनी कधी चढाई केली नाही अशा पंचांना ते शिकायला वर्षे लागतात. मुलींच्या सामन्यांना तर तुमच्यासारख्या पंच हव्याच आहेत, आणि माझ्या पाहण्यात त्या अजून फार थोड्या आहेत.

शेवटी एक बाब, जी तुम्ही पत्राच्या चौथ्या पानावर कंसात लिहून सोडून दिली आहे: “(तोवर रेषाही पुसट झाल्या होत्या.)” ही कंसातली गोष्ट नव्हे. मातीच्या मैदानावर दोन सामने झाले की बोनस रेषेची फक्की पायांनी उडते आणि तिसऱ्या सामन्यात मुले आठवणीतल्या रेषेवर खेळतात, पंच आठवणीतल्या रेषेवर निर्णय देतात. यापुढे सामन्याच्या वीस मिनिटे आधी मैदानावर जा, दोन्ही अंगणांतल्या बोनस रेषा टोकापासून टोकापर्यंत स्वतः चालून पाहा, आणि पुसट असतील तर पुन्हा आखल्याशिवाय सामना सुरू करू नका. मध्यंतराची पाच मिनिटे त्यासाठीच वापरा. संयोजक म्हणतील की फक्की संपली, आणायला माणूस गेला आहे. तेव्हा पहिल्या सामन्यालाच एक भरलेली पिशवी गुणलेखकाच्या टेबलाखाली ठेवून घ्यायची आणि ती तिथून कोणाला हलवू द्यायची नाही.